गुळातला रुपया

लॉटरी लागल्याशिवाय आपल्याला नातेवाईक किती आहेत ते कळत नाही. आणि चोरीच्या पैशाने लागली, तर नातेवाइकांबरोबर कायदाही ओसरीवर येऊन बसतो. आमच्या शिंदखेड्याच्या ओसरीवर तो बसला होता. मी तेव्हा पाचवीत होतो आणि आरोपी होतो.

आखाजीचे दिवस होते. खान्देशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधले जातात आणि एरवी अत्यंत सभ्य असलेले पुरुष ओट्यावर बसून उघड उघड पैसे लावून पत्ते कुटतात. अशा या पुण्यकाळात आजीने मला पुरणासाठी गूळ आणायला पाठवलं. मी रुपयाचा गूळ कमी घेतला आणि त्या रुपयाचं एस. टी. स्टँडवर लॉटरीचं तिकीट काढलं. तिकिटाला चक्क शंभर रुपये लागले! आनंदाच्या भरात मी ते बोलून गेलो आणि गूळ कमी का भरला याचा उलगडा घरादाराला एकदमच झाला.

वडील म्हणाले, "जुगाराचा पैसा घरात नको." काकांनी (ते ओट्यावरचा डाव अर्धवट टाकून आले होते) लॉटरीचं कुळ सांगायला घेतलं. मुंबईचा टाऊन हॉल, ज्याच्या पायऱ्यांवर लोक फोटो काढून घेतात, तो १८३३ मध्ये पुरा झाला. त्याच्या पैशासाठी इंग्रजांनी लॉटरीच काढली होती. केरळ सरकारने १९६७ मध्ये लॉटरी सुरू केली, आपल्या महाराष्ट्राने १९६९ मध्ये. मटक्याकडे जाणारा पैसा सरकारी तिजोरीकडे वळावा, हा हेतू! म्हणजे पैसा सोवळा ठरला. प्रश्न उरला एवढाच, की तो कुणाचा?

मी म्हटलं, "नंबर मी निवडला. नशीब माझं."

आजी म्हणाली, "पैसा मना, तिकीट मनं."

शंभराची नोट तिच्या कनवटीला गेली. माझ्यावर घोर अन्याय झाला, असं मला पुढची कित्येक वर्षं वाटत होतं. पुढे बी. कॉम. झालो, बँकेत चिकटलो, आणि दुपारच्या निवांत वेळी जुने खटले वाचायचा नाद लागला. तेव्हा कळलं, की आजीच्या बाजूने फार मोठमोठी माणसं उभी आहेत.

पहिला खटला आमच्या जातभाईचा, म्हणजे बँकेतल्या कारकुनाचा. डिसेंबर १७५६ मध्ये इंग्लंडात टपाल लुटलं गेलं. त्यात बँक ऑफ इंग्लंडची एक नोट होती. ती फिरत फिरत मिलर नावाच्या खानावळवाल्याकडे आली. त्याने ती सरळ मनाने, पुरा मोबदला देऊन घेतली होती. तो पैसे घ्यायला बँकेत गेला, तर रेस नावाच्या कारकुनाने नोट ठेवून घेतली आणि पैसे दिले नाहीत. १७५८ मध्ये लॉर्ड मॅन्सफील्डनी निकाल दिला, की प्रामाणिकपणे घेतलेली नोट घेणाऱ्याचीच. ती आधी कुणी चोरली, हे त्याच्याकडून वसूल करायचं नाही. बिचारा रेस! नियमाला धरून चालला आणि इतिहासात हरलेला कारकून म्हणून राहिला. आम्हा कारकुनांचं हे असंच असतं.

याचा अर्थ असा, की स्टँडवरच्या तिकीटवाल्याकडून आजीला तिचा रुपया परत मागता आला नसता. तिच्या हाती उरलं काय? तिकीट.

आता तिकिटाचं पाहू. आपल्याकडचा १८८२ चा विश्वस्तविषयक कायदा कलम ६३ मध्ये सांगतो, की विश्वस्ताने सोपवलेल्या पैशाची दुसरी वस्तू केली आणि तिचा माग लागला, तर मूळ पैशावर जसा हक्क, जवळजवळ तसाच त्या वस्तूवर. गुळाला धाडलेला नातू विश्वस्त ठरतो का, यावर वकील फी घेऊन आनंदाने भांडतील. पण मुद्दा कळला.

मोठा खटला मात्र २००० सालचा, लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समधला: ‘फॉस्केट विरुद्ध मॅकिऑन’. पोर्तुगालमध्ये जमिनी देतो म्हणून एका गृहस्थाने लोकांकडून पैसे घेतले होते. त्यातून त्याने स्वतःच्या आयुर्विम्याच्या पाच हप्त्यांपैकी निदान दोन भरले. १९९१ मध्ये तो गेला. विम्याचे सुमारे दहा लाख पौंड आले. मुलं म्हणाली, आमचे. फसलेले लोक म्हणाले, आमच्या पैशाच्या प्रमाणात आमचे. पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी फसलेल्यांना हिस्सा दिला. दोघांचं म्हणणं वेगळं होतं. चोरीचे हप्ते भरले नसते तरी रक्कम आलीच असती, मग हिस्सा कशाचा? पण आजीपुढे तेही गप्प बसले असते. तिच्या रुपयावाचून तिकीटच आलं नसतं, आणि तिकिटातला सोळा आणे रुपया तिचाच.

त्या निकालात आणखी एक गंमत आहे. ज्याचा पैसा गेला त्याला निवड करता येते: वस्तू फळली असेल तर त्यात हिस्सा घ्या, फळली नसेल तर मुद्दल तिच्यावर बोजा म्हणून चढवून वसूल करा. थोडक्यात, लागलं तर आजीचं, नाही लागलं तर नातवाने चोरी केली! लहानपणी मला हा लबाडपणा वाटला असता. आता वाटत नाही. चोर दुसऱ्याच्या खिशाच्या जिवावर डाव खेळतो. डाव हरला तर नुकसान त्या खिशाचं; मग जिंकला तर फायदा चोराचा कसा? नंबर मी निवडला हे खरं, पण पणाला गूळ आजीचा लागला होता.

हे मी एवढ्या खात्रीने सांगतो, त्याला कारण आहे. ते माझं पहिलं तिकीट नव्हतं. त्याआधी तीन झाली होती. एकदा चहापत्तीतून, एकदा डाळीतून, एकदा घासलेटातून. तिन्ही कोरी गेली. त्या वेळी नशीब कुणाचं, हा प्रश्न मी ओसरीवर काढला नव्हता. ती तीन तिकिटं मुकाट्याने आजीच्या खात्यावर पडली.

रोज संध्याकाळी माझी कॅश पैशापैशाला जुळते. आजी जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तिच्या खात्यात मात्र तीन रुपयांचा फरक अजून दिसतो, आणि तो भरायला कुठलं काउंटर उघडं नाही.