पाचाची आणि विसाची

शाळेत मला कायम सरासरी गुण. तेव्हा सरासरीनं पैसा मिळतो म्हटल्यावर कान टवकारले. युक्ती रिचर्ड डॉन्चियन या अमेरिकन गृहस्थांची. घरचा धंदा गालिच्यांचा, पण 1929 च्या पडझडीत पायाखालची वाळूच सरकली! तरी 1949 साली त्यांनी लोकांचा पैसा वायदेबाजारात लावणारा फंड काढला. सूत्र सोपं (पोटकलमं बरीच): पाच दिवसांच्या भावांची सरासरी काढा, वीस दिवसांचीही. रोज नवा भाव आत, सर्वांत जुना बाहेर. पाचाची विसाच्या वर गेली की घ्या, खाली आली की विका.

सरासरी भविष्य सांगत नाही, बरं का! ती आमच्या नानांसारखी. लग्नाला पोचते तेव्हा अक्षता पडलेल्या असतात, पण पंगत गाठते. बाजार जागच्या जागी घुटमळला तर मात्र पंगतही नाही. घ्या-विका, घ्या-विका, वर दलाली.

मी फंडाचे पैसे लावले ते नेमके अशाच दिवसांत. तीनदा हात पोळले. चौथ्यांदा इशारा आला, मी गप्प बसलो, आणि बाजार जो सुटला!

"त्या डॉन्चियननी घेतले असते?" हिनं विचारलं.

"घेतले असते," म्हणालो आणि चहा मागितला.