सिस्टरच्या हातून चूक झाली, तर भरपाई कोण देतं?

सीपीआरमध्ये ॲडमिट व्हा, नाहीतर राजारामपुरीतल्या एखाद्या छोट्या दवाखान्यात; डॉक्टर तुम्हाला दिवसातून एकदा-दोनदा दिसतो. बाकी वेळ असते ती सिस्टर. सलाईन तीच लावते, इंजेक्शन तीच देते, रात्री दोन वाजता ताप तीच बघते. पण तिच्या हातून चूक झाली तर भरपाई कोण देणार, असं मी पेशंटना विचारतो तेव्हा बहुतेक जण म्हणतात, "डॉक्टरच की!" हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. बाकीचं अर्धं समजायला थोडं मागं जावं लागेल.

आधी एक खुलासा. तुमचा मेडिक्लेम तुमच्या आजारपणाचा खर्च देतो. आम्ही डॉक्टर वेगळा विमा काढतो, त्याला व्यावसायिक दायित्व विमा म्हणतात. आमचा निष्काळजीपणा सिद्ध झाला तर तुम्हाला द्यायची भरपाई आणि आमच्या वकिलाचा खर्च त्यातून निघतो. म्हणजे तो विमा आमचा असला तरी पैसे शेवटी तुमच्याकडे यायचे असतात. म्हणून त्यात सिस्टर बसते की नाही, हे तुम्हालाही ठाऊक हवं.

आपला कायदा बराचसा इंग्रजांकडून आला. १९०९ साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलविरुद्ध एका पेशंटनं दावा केला. तो स्वतः डॉक्टर होता. भूल दिलेली असताना त्याचे हात भाजले आणि दुखावले गेले. कोर्ट म्हणालं, लायक माणसं नेमली की हॉस्पिटलचं काम संपलं. ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स सर्जनच्या हुकमात असते, हॉस्पिटलच्या नव्हे. आता बेशुद्ध माणसानं कुणाचा हात चुकला हे कसं सांगायचं? इंग्लंडच्या न्यायालयांनी ही भूमिका हळूहळू सोडली आणि १९५१ च्या कॅसिडी खटल्यानंतर पेशंटला नेमकं बोट दाखवण्याची गरज उरली नाही.

आपल्याकडे हा प्रश्न औरंगाबादला उभा राहिला. जुलै १९६३ मध्ये तिथल्या सरकारी रुग्णालयात एक बाई बाळंत झाली आणि लगेच तिची नसबंदीची शस्त्रक्रिया केली. पोट दुखू लागलं, ताप चढला. पुन्हा पोट उघडलं तर आत मॉप, म्हणजे रक्त टिपायचं फडकं, राहिलेलं. काही दिवसांत ती गेली. असे तुकडे मोजून घेणं हे थिएटरमधल्या सगळ्या टीमचं काम असतं, आणि मोजदाद बहुतेक ठिकाणी सिस्टरच करते. त्या दिवशी नेमकं कोण चुकलं, यावर नातेवाइकांनी किती डोकं फोडायचं? खालच्या कोर्टानं ३६,००० रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयानं ते रद्द केले. रुग्णालय चालवणं हे सरकारचं सार्वभौम काम, त्यात नुकसानभरपाई नाही, असा त्यांचा आधार. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये ते पैसे पुन्हा मंजूर केले आणि नोकराच्या निष्काळजीपणाला सरकार जबाबदार आहे असं ठरवलं. यात कुठलीही विमा कंपनी नव्हती, तिजोरीच विमा. पण त्याला तेहतीस वर्षं लागली. हा आकडा मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा अस्वस्थ होतो.

खासगी दवाखान्याचं काय? १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणले, आणि आम्हा डॉक्टरांना विम्याची गरज खऱ्या अर्थानं जाणवू लागली. त्याआधीच, डिसेंबर १९९३ मध्ये, नोएडाच्या स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलमध्ये टायफॉईडसाठी ठेवलेल्या एका लहान मुलाला नर्सनं लारियागोचं इंजेक्शन शिरेतून दिलं. मूल तिथंच कोसळलं आणि त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. राष्ट्रीय आयोगानं मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना त्यांच्या यातनांसाठी वेगळे पाच लाख दिले. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला. सुनावणीत निघालेली गोष्ट अशी की ती नर्स पात्रताधारक नव्हती.

आता विम्याच्या कागदाकडे या. डॉक्टरांच्या पॉलिसीत साधारणपणे डॉक्टर आणि त्याचे "पात्र मदतनीस" असे शब्द असतात. नोंदणी नसलेली, कामावर शिकलेली मुलगी या शब्दांत बसत नाही. म्हणजे पगार वाचवायला तिला ठेवणारा मालक आपली पॉलिसीही धोक्यात घालतो. वास्तविक १९४९ च्या मुंबई नर्सिंग होम नोंदणी कायद्यातही पात्र नर्सचं योग्य प्रमाण नसेल तर नोंदणी नाकारता येते. तो कायदा आजही आपल्याला लागू आहे.

तिकडे अमेरिकेत १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम सुरू केला. ही नर्स तपासते, निदान करते, औषध लिहिते. साहजिकच तिला स्वतःचा दायित्व विमा लागतो. ब्रिटनमध्ये तर २०१४ पासून असं संरक्षण नसेल तर नर्सला नोंदणीच मिळत नाही. आपल्याकडेही भारतीय परिचर्या परिषदेनं अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणला आहे, आणि उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून अनेक नर्सिंग पदवीधर ठरावीक औषधं देतात. काम वाढलं, पण तिच्या नावाची वेगळी पॉलिसी आपल्याकडे क्वचितच दिसते.

फौजदारी बाजू आणखी टोचते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू झालं. उपचार करताना निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर नोंदणीकृत डॉक्टरला कमाल दोन वर्षं कैद; इतरांना कमाल पाच. नर्सचं नाव वैद्यकीय नोंदवहीत नसतं, म्हणून ती "इतरां"त पडते. जुन्या ३०४-अ मध्ये सगळ्यांना दोनच वर्षं होती. एकाच खोलीत, एकाच इंजेक्शनच्या चुकीला डॉक्टरला दोन आणि सिस्टरला पाच, हे मला डॉक्टर असूनही पटत नाही. आणि कैद काही विम्यातून भागत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी ॲडमिट होताना एक विचारा: इथल्या सिस्टर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदलेल्या आहेत का, आणि दवाखान्याच्या पॉलिसीत त्या धरल्या आहेत का? प्रश्न मालकाला विचारा. तुमची सलाईन लावणाऱ्या पोरीला नको, तिला बहुधा तो कागद कुणी दाखवलेलाच नसतो.