ट्रक आपला, पण चालवायचा कोणी?

भारतात 1939 च्या मोटार वाहन कायद्याने मालट्रकांचे दोन वर्ग केले होते : स्वतःचा माल नेणारा ‘प्रायव्हेट कॅरियर’ आणि भाड्याने दुसऱ्याचा माल नेणारा ‘पब्लिक कॅरियर’. ट्रकच्या कपाळावरची ती अक्षरे आपल्यापैकी अनेकांनी वाचली असतील. 1988 च्या कायद्याने हे वर्ग काढून टाकले.

इथे इचिकावात तोच भेद नंबरपाटीच्या रंगात दिसतो. भाड्याने माल नेणाऱ्या ट्रकची पाटी हिरवी, घरगुती वापराच्या ट्रकची पांढरी. पांढऱ्या पाटीवर आपले सामान खुशाल न्यावे. दुसऱ्याचे नेऊन भाडे घेऊ नये.

मात्र ट्रक चालवण्याचा हक्क मालकीने मिळत नाही, परवान्याने मिळतो. साधा जपानी परवाना 2 जून 2007 पूर्वीचा असेल तर मालासकट एकूण 8 टनांच्या आतला ट्रक चालवता येतो. त्यानंतरचा असेल तर 5 टनांच्या आतला. 12 मार्च 2017 पासूनचा असेल तर 3.5 टनांच्या आतलाच. सेमीट्रेलर ओढणाऱ्या अवजड ट्रकला अवजड वाहनाचा आणि ट्रेलर ओढण्याचा, असे दोन परवाने लागतात.

नियम बदलले तरी जुन्या परवानाधारकांचा हक्क कायम राहिला. म्हणून घर हलवताना एकाच घरातल्या दोघांना वेगळे नियम लागू शकतात. मंडळी, ट्रक ठरवण्याआधी परवान्यावरची तारीख पाहावी.