सिगारेटच्या खोबणीतली वीज

मंडळी, भारनियमनाचे दिवस तुम्हाला आठवत असतील. 2006 सालची गोष्ट. भाच्याला नोकरीचा अर्ज रात्रीतून टाइप करायचा होता आणि गावात वीज नव्हती. थोरल्या भाईंच्या जीपमध्ये सिगारेट पेटवायची खोबण होती. तिला छोटा इन्व्हर्टर लावून पोरगा लॅपटॉप घेऊन बसला. पहाटे अर्ज तयार झाला, पण जीप काही सुरू होईना. शेवटची तारीख तीच, आणि तालुका दूर!

गाडीत बॅटरी आली ती हँडल मारण्याचा जाच टळावा म्हणून. हँडल उलटलं की मनगट मोडायचं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला आणि 1912 च्या कॅडिलॅक गाडीत तो आला. आधी ते गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होते. गल्ल्याचा खण उघडणारी मोटर क्षणभरच जोर लावते. इंजिनालाही तेवढंच हवं, हे त्यांनी ओळखलं. म्हणजे ही बॅटरी मुळात क्षणभराच्या जोरासाठी. रात्रभर राबणं तिच्या स्वभावात नाही.

पण माणूस गप्प बसतो थोडाच! 1930 साली मोटोरोला नावाचा गाडीतला रेडिओ आला. रेडिओवर बोलणाऱ्या माझ्यासारख्याला याचं भारी अप्रूप. गाडीची बॅटरी 6 व्होल्टची आणि रेडिओच्या दिव्यांना लागत दोनशेच्या आसपास व्होल्ट. सुरुवातीला वेगळ्या बॅटऱ्या सोबत बाळगाव्या लागत. मग व्हायब्रेटर आला. त्यातली धातूची पट्टी थरथरत सेकंदाला शंभरेक वेळा प्रवाह तोडायची, जोडायची. पुढे ट्रान्सफॉर्मर दाब वाढवायचा. आजचा इन्व्हर्टर हेच काम ट्रान्झिस्टरकडून करून घेतो, म्हणून त्या पट्टीची गुणगुण आता नाही.

इंजिनं मोठी झाली तशी अमेरिकेत 1950 च्या दशकात 12 व्होल्टची बॅटरी रूढ झाली. खोबण मात्र सिगारेटचीच राहिली. ती तापलेल्या तारेसाठी घडवलेली, त्यामुळे प्लग तिच्यात सैल बसतो.

लॅपटॉपला लागतात साधारण 19 व्होल्ट. इन्व्हर्टर 12 चे 230 करतो, लॅपटॉपचा अडॅप्टर पुन्हा 19 वर आणतो. हा द्राविडी प्राणायाम, आणि दोन्हीकडे गळती. थेट 12 चे 19 करणारा अडॅप्टर घेतला तर ती कमी होते. नव्या यूएसबी-सी लॅपटॉपना तर गाडीतला दमदार चार्जरही पुरतो. साठ वॅटचा लॅपटॉप गळती धरून सहा अँपिअर ओढतो. चार तासांत झाले चोवीस अँपिअर-तास. पन्नासच्या जुन्या बॅटरीत मग स्टार्टरपुरता जोर कुठून उरणार? अधूनमधून इंजिन सुरू ठेवलं असतं, तर डायनामोने भरपाई केली असती.

शेवटी पाच शेजाऱ्यांनी धक्का मारला तेव्हा जीप सुरू झाली. अर्ज दुपारी दाखल झाला. त्या रात्रीनंतर भाई जीपची किल्ली उशाखाली ठेवून झोपू लागले.