शिडाच्या नौकेतून कोकण किनारा : वारा, बंदरे आणि सोबती

मावळातील औंढे हे लोणावळ्याजवळचे गाव. येथून अलिबागचा समुद्र हवाई अंतराने साधारण ६० किलोमीटरवर आहे. मध्ये सह्याद्रीचा कडा आणि कोकणपट्टी. जवळच्या कार्ले व भाजे येथील लेणी ज्या प्राचीन व्यापारी मार्गावर आहेत, तो बोरघाटाने उतरून चौल, कल्याण, सोपारा या बंदरांना मिळत असे. नौदलाच्या अभियंत्यांना शिक्षण देणारी ‘आयएनएस शिवाजी’ ही संस्थाही १९४५ पासून लोणावळ्यात आहे. घाटमाथ्याचा समुद्राशी आणखी एक संबंध आहे. किनाऱ्यालगत शिडाने प्रवास करणाऱ्यांना साथ देणारा रात्रीचा वारा सह्याद्रीच्या बाजूनेच वाहतो. मित्रमंडळींसह मुंबई ते गोवा असा जलप्रवास आखताना प्रथम समजून घ्यायचा तो हा वारा.

अंतर आणि वेळ

मुंबई ते पणजी हे समुद्रमार्गे अंतर सुमारे २२० ते २३० सागरी मैल आहे. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. मध्यम आकाराची शिडाची नौका ताशी पाच सागरी मैल वेगाने चालते असे धरल्यास अखंड प्रवासाला दोन दिवस व दोन रात्री लागतात. दिवसा प्रवास आणि रात्री बंदरात मुक्काम असा बेत असेल, तर सात टप्पे पडतात. वारा पडला किंवा विरुद्ध फिरला, तर दोन-तीन दिवस जादा हाताशी असणे आवश्यक ठरते.

वाऱ्याचे वेळापत्रक

पावसाळा सरल्यावर कोकण किनाऱ्यावर दिवसाच्या वाऱ्याला एक नियमितपणा येतो. दुपारी जमीन तापते आणि समुद्रावरून खारे वारे वाहू लागतात. त्यांची दिशा प्रामुख्याने वायव्येची असते. मार्च ते मे या महिन्यांत दुपारनंतर त्यांचा जोर बराच वाढतो. रात्री जमीन लवकर निवते आणि पहाटेपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. सह्याद्रीच्या उतारावरून खाली येणारी थंड हवा त्यांत भर घालते. हिवाळ्यात हे वारे अधिक जाणवतात. मात्र त्यांचा प्रभाव किनाऱ्यापासून काही मैलांपुरताच असतो.

याचा व्यवहारातील अर्थ सरळ आहे. दक्षिणेकडे जाताना वायव्येचा वारा पाठीशी असतो, परतताना तोच समोरून येतो. शिडाची नौका वाऱ्याच्या थेट दिशेने जाऊ शकत नाही. तिला डावी-उजवीकडे वळणे घेत नागमोडी मार्गाने पुढे सरकावे लागते आणि कापावयाचे अंतर जवळजवळ दीडपट होते. म्हणून उत्तरेकडे परतणारे नावाडी दिवसा विसावा घेऊन रात्रीच्या मतलई वाऱ्यावर किनारा धरून चालत. हा वारा आडवा मिळत असल्याने जाणे आणि येणे दोन्ही सोयीचे होते. इंजिन येण्यापूर्वी मचवे, पडाव आणि गलबते यांची किनाऱ्यावरील ये-जा याच वेळापत्रकावर चालत असे.

हंगाम

नारळी पौर्णिमेनंतर दर्यावर जाण्याची प्रथा असली, तरी हौशी नौकांसाठी डिसेंबर ते मार्चचा पूर्वार्ध हा काळ अधिक योग्य होय. पावसाळ्यात हा किनारा शिडाच्या छोट्या नौकांसाठी नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट खवळलेल्या समुद्रात बुडून ६०० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. पावसाळ्याच्या अलीकडचे व पलीकडचे आठवडेही बेभरवशाचे असतात. नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’, जून २०२० मधील ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मधील ‘तौक्ते’ या चक्रीवादळांनी ते दाखवून दिले आहे.

मुक्कामाची बंदरे

मुंबईहून निघाल्यावर खांदेरी-उंदेरी व जंजिरा मागे टाकून राजपुरी खाडीतील दिघी हा पहिला मुक्काम. अंतर सुमारे ४० सागरी मैल. दुसऱ्या दिवशी हर्णैजवळचा सुवर्णदुर्ग पाहत वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ गाठता येते. पुढे शास्त्री नदीच्या मुखावरील जयगड, मग रत्नागिरी आणि त्यानंतर विजयदुर्ग. वाघोटण खाडीतील विजयदुर्गाचे बंदर वायव्येच्या वाऱ्यापासून उत्तम आडोसा देते. आंग्र्यांच्या आरमाराने हे ठाणे का निवडले, याचे उत्तर तेथे नांगर टाकल्यावर मिळते. १७५६ मध्ये तुळाजी आंग्रे यांचे आरमार याच ठिकाणी जाळले गेले.

सहावा टप्पा मालवणचा. सिंधुदुर्गाभोवती पाण्याखाली खडक असल्याने येथे अंधारात शिरू नये. शेवटच्या टप्प्यात वेंगुर्ल्यासमोरील खडकांपासून अंतर राखून पणजीच्या मांडवी नदीत प्रवेश करता येतो. बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे असतात. त्यामुळे चढत्या भरतीवर आत जावे. ओहोटीत नौका वाळूत रुतली, तरी पुढच्या भरतीची वाट पाहावी लागते.

मुंबई व रायगडच्या पाण्यात खुंटांना बांधलेली डोलजाळी हा मोठा अडथळा आहे. रात्री ती दिसत नाहीत. जाळे पंख्यात अडकल्यास नौका अडकून पडते आणि मच्छीमाराचेही नुकसान होते. स्थानिक कोळी बांधवांकडे आगाऊ चौकशी करणे हाच त्यावर खात्रीचा उपाय.

सोबती की खलाशी?

मित्रांना नौकेवर घेताना खरा प्रश्न पोहता येण्याचा नसून काम वाटून घेण्याचा असतो. सुकाणू, शीड, नांगर, स्वयंपाक आणि रात्रीचा पहारा यांच्या पाळ्या निघण्यापूर्वीच ठरवाव्या लागतात. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय. पुढे लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’तून २०१७-१८ मध्ये २५४ दिवसांत प्रदक्षिणा पूर्ण केली. त्यांना दोंदे यांनी प्रशिक्षण दिले होते आणि निघण्यापूर्वी त्या दीर्घकाळ एकत्र सराव करीत होत्या. किनाऱ्यालगतच्या सात दिवसांनाही हाच नियम लागू पडतो. पूर्ण प्रवासापूर्वी मुंबई ते मांडवा असा एक दिवसाचा सराव सर्वांनी मिळून करावा.

नौकेवर अंतिम शब्द एकाचाच असावा, आणि परत फिरण्याचा निर्णय त्याने घेतल्यास त्यावर वाद होऊ नये. सोमवारी कामावर हजर व्हायचे आहे, एवढ्या कारणासाठी बिघडत्या हवेत बंदर सोडण्याचा आग्रह मित्रांकडूनच होतो. त्यावर उपाय आहे. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाल्यापासून रत्नागिरी किंवा कुडाळ येथून परतणे सोपे झाले आहे. ज्याला घाई आहे त्याने रेल्वेने जावे; नौकेने वाऱ्याची वाट पाहावी.

निघण्यापूर्वी

प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट, अद्ययावत सागरी नकाशे, भरती-ओहोटीचे कोष्टक आणि व्हीएचएफ रेडिओ ही किमान सामग्री होय. रेडिओचा १६ क्रमांकाचा चॅनेल संकटकाळासाठी असतो. तटरक्षक दलाचा शोध व बचाव मदत क्रमांक १५५४ आहे. मार्गाचा आराखडा, मुक्कामांची नावे आणि सर्वांची यादी किनाऱ्यावरील एका जबाबदार व्यक्तीकडे द्यावी. नौकेची कागदपत्रे व ओळखपत्रे सोबत ठेवावीत; मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावर तपासणी कडक झाली आहे. हवामान खात्याचा इशारा रोज सकाळी पाहावा आणि तो प्रतिकूल असल्यास नांगर उचलू नये.