शेव्हरोलेचे ३०२ एंजिन : एक नियमजन्य निर्मिती

अमेरिकन ‘मसल कार’चा इतिहास बहुधा अश्वशक्तीच्या चढाओढीचा मानला जातो. शेव्हरोलेच्या कॅमॅरो झेड/२८ (१९६७) या मोटारीचे एंजिन मात्र एका निर्बंधातून जन्मले. १९६६ पासूनच्या ट्रान्स-ॲम शर्यतींत एंजिनाच्या घनमानाची मर्यादा ३०५ घन इंच होती. कंपनीजवळच्या लहान व्ही-८ एंजिनांपैकी २८३ उणे पडे, ३२७ अधिक होई. तेव्हा ३२७ च्या सिलिंडरचा ४ इंच व्यास व २८३ च्या दट्ट्याची ३ इंच धाव यांच्या संयोगातून ३०२ सिद्ध झाले. धाव आखूड, म्हणून फेऱ्यांचा वेग मोठा. कंपनीने जाहीर केलेला २९० अश्वशक्तीचा आकडा मात्र जपूनच स्वीकारावा. १९६८ व १९६९ ची अजिंक्यपदे कॅमॅरोने मिळविली. विक्रीच्या गाडीत मोठे एंजिन ठेवून शर्यतीपुरते घनमान घटविण्याची मुभा १९७० मध्ये मिळताच झेड/२८ मध्ये ३५० आले.