धोटा आणि देणगी

मागच्या जयंतीच्या आठवड्यात आमच्या वस्तीत एका बड्या कंपनीची गाडी आली. शंभरेक दप्तरं, कंपासपेट्या, पाण्याच्या बाटल्या. दप्तरावर कंपनीचं नाव एवढं मोठं की पोरगं पाठमोरं चालायला लागलं की जाहिरातीची पाटीच चालल्यासारखी दिसावी. वाटप झालं, फोटो झाले. मग आपल्यातल्या एका पोराने विचारलं. पोरगा आय.टी.आय. झालेला, दोन वर्षं घरी बसून. म्हणाला, "साहेब, तुमच्या हपिसात आमच्यातली माणसं किती आहेत?" साहेब माणूस वाईट नव्हता. तो सरळ म्हणाला, "ते माझ्या खात्यात येत नाही. मी सी.एस.आर. बघतो."

खातं हा शब्द ऐकला आणि मला आजा आठवला. आजा परळच्या एका गिरणीत त्रासनखात्यात होता. त्रासन म्हणजे सूत काततात ते, रिंग स्पिनिंग. पगार कमी, कापसाचा भुगा नाकातोंडात. पगार होता तो साचाखात्यात, कापड विणायच्या मागावर. आणि साचाखात्यात आपल्या माणसाला पाय ठेवायची बंदी. मालकाने पाटी लावली नव्हती, जॉबरने सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

महाड आपण पाठ म्हणतो, काळाराम पाठ म्हणतो, पुणे कराराची तारीख झोपेतून उठवलं तरी सांगतो. पण शेठ-सावकाराच्या दानाचा इतिहास आपण वाचत नाही. ते आपलं नव्हे असं वाटतं. मित्रांनो, ते आपलंच आहे. दान ज्याच्या जिवावर होतं त्याने त्याचा हिशेब ठेवायला नको काय?

मुंबईपासूनच सुरुवात करू. जे.जे. हॉस्पिटल 1845 चं. आमच्या वस्तीतली निम्मी माणसं तिथे जन्मली, उरलेली तिथे मेली. हॉस्पिटलला मी शिव्या देत नाही. पण सर जमशेटजी जिजीभाई यांचा पैसा कुठून आला ते शाळेच्या पुस्तकात नाही. कापसाच्या व्यापारातून आला आणि अफूच्या व्यापारातून आला. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. चीनच्या सरकारने ती बंद करू पाहिली, तेव्हा इंग्रजांनी 1839 पासून 1842 पर्यंत तोफा लावून ती बाजारपेठ उघडी ठेवली. त्याच 1842 साली जमशेटजींना सर ही पदवी मिळाली, 1857 साली बॅरोनेट केलं. ते एकटे नव्हते हेही सांगायला पाहिजे. पारशी, गुजराती, मारवाडी, मुसलमान, सगळ्या धर्माजातीचे शेटिये त्या धंद्यात होते. चीनमधला व्यसनी माणूस कुणाच्या हिशेबात नव्हता, माळव्याचा अफू पिकवणारा कुणबी तर नव्हताच. हॉस्पिटल तेवढं दिसतं.

त्या काळच्या शेठजीला दानाने काय मिळायचं? बाजारात अब्रू मिळायची, आणि अब्रूवर उधारी मिळायची. आपल्या जातीत मान मिळायचा. गोऱ्या साहेबाच्या दरबारात खुर्ची मिळायची. म्हणून देऊळ, धर्मशाळा, तलाव, पाणपोई. त्या पाणपोईवर आपल्या माणसाला पाणी वरून ओंजळीत ओतलं तरी नशीब.

आता दोन तारखा शेजारी ठेवून बघा. भुलेश्वरचा पांजरपोळ 1834 साली उभा राहिला. भाकड गाई, म्हातारे बैल, सोडलेली कुत्री यांची सोय. गिरणी मुंबईत आली 1854 मध्ये, कावसजी नानाभाई दावर यांची. माणसं उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत राबायला लागली. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी, जोतीरावांच्या या सत्यशोधक शिष्याने, हजारो कामगारांच्या सह्या घेऊन अर्ज केला. मागितलं काय? रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर, हातपाय तुटला तर भरपाई. रविवार मिळाला 1890 साली. म्हातारा बैल आणि कामगार, दोघांच्यामध्ये छप्पन्न वर्षांचं अंतर. बैलाने अर्ज केला नव्हता, त्याला मिळालं. कारण बैलाला दिल्याने धंद्याला तोशीस लागत नाही. सुट्टी दिली की माग थांबतो.

सगळे मालक एका मापाचे नव्हते, हेही लिहितो, नाहीतर कोणी म्हणेल एकतर्फी लिहिलं. जमशेटजी टाटांनी नागपूरची एम्प्रेस मिल 1877 साली सुरू केली. 1886 साली पेन्शन फंड केला, 1895 साली अपघाताची भरपाई सुरू केली, सरकारचा कायदा येण्याच्या कितीतरी आधी. 1892 साली परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी त्यांनी निधी काढला. इथे दानाचं रूप पालटलं. देवळाच्या जागी संस्था आल्या. बंगलोरची विज्ञान संस्था, 1936 साली समाजकार्याची शाळा, 1941 साली परळचं कॅन्सरचं हॉस्पिटल. माझी आत्या त्या हॉस्पिटलातून बरी होऊन आली, नंतर अकरा वर्षं जगली. पण तेही पुरं वाचा: ते हॉस्पिटल 1957 साली केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे गेलं, 1962 पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे. म्हणजे लावलं दात्याने, पण चालतंय ते सरकारी तिजोरीवर. तुमच्याआमच्या करावर.

आता साचाखात्याकडे येतो, कारण खरी गाठ तिथे आहे.

मागावर धोटा फिरतो. धोट्यात सुताची कांडी असते. कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचं. विणकर ते तोंडाने ओढायचा. भोकाला ओठ लावून श्वास आत घ्यायचा, सूत बाहेर. एकाच धोट्याला आज एका पाळीवाल्याचं तोंड, उद्या दुसऱ्याचं. महार त्या धोट्याला तोंड लावणार आणि मग सवर्ण विणकर लावणार? विटाळ झाला! एवढ्याशा भोकात चार हजार जाती मावल्या.

तिकडे अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यात, तोंडाने ओढायचा धोटा 1911 साली कायद्याने बंद केला. जातीसाठी नव्हे, रोग पसरतो म्हणून. हाताने सूत ओवायचे धोटे होते, आपोआप ओवणारे मागही निघाले होते. मुंबईच्या मालकाला हे ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही, त्याची यंत्रं परदेशातूनच यायची. धोटा बदलला असता तर विटाळाचं कारणच गेलं असतं. (दुसरं काढलं असतं म्हणा. विटाळाला कारणं कमी पडत नाहीत.) एका धर्मशाळेच्या खर्चात किती धोटे आले असते ते ज्याचं गणित चांगलं आहे त्याने काढावं. पण धोटा बदलणं हा धंद्यातला खर्च, आणि धर्मशाळा हे पुण्य. पुण्याच्या वहीत धोटा बसत नाही.

1928 साली मुंबईत मोठा संप झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार, सहा महिने. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना सांगितलं, साचाखात्याची बंदी उठवायची मागणी तुमच्या यादीत घाला, नाहीतर माझ्या लोकांना मी संपात राहायला सांगणार नाही. पुढाऱ्यांनी कुरकुरत घातली. कामगारांच्या एकजुटीची भाषणं देणारे हे लोक! पुढे फॉसेट कमिटीपुढे विषय निघाला तेव्हा मालकांनी हात झटकले: हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही, तुमचेच कामगार त्यांना शेजारी घेत नाहीत. यात खोटं काहीच नव्हतं, हेच तर दुखणं. मालक कामगाराकडे बोट दाखवतो, कामगार धर्माकडे, आणि तिघांच्या मध्ये आजा उभा, कमी पगाराचा. 1938 साली मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेब म्हणाले की आपले शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ते त्यांना पुस्तकातून सुचलं नव्हतं. साचाखात्याच्या दारात दोघं खांद्याला खांदा लावून उभे होते, ते त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

आणि आता 1932. पुणे करार झाला, आठवड्याभरात अस्पृश्यता निवारणाची संस्था निघाली, तीच पुढे हरिजन सेवक संघ. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, सचिव ठक्करबाप्पा. गिरणीवाला अध्यक्ष, हे ध्यानात ठेवा. बाबासाहेबांना सुरुवातीला मंडळावर घेतलं होतं. तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना बोटीवरून, 14 नोव्हेंबर 1932 रोजी, त्यांनी ठक्करांना लांबलचक पत्र लिहिलं. ते पत्र प्रत्येक कार्यकर्त्याने मिळवून वाचलं पाहिजे. त्यात ते सांगतात की दलिताचं दैन्य हटवायचे दोन मार्ग असतात. एक, तो माणूसच कुठेतरी कमी आहे असं धरून त्याला सुधारायचं: दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालय, शाळा. दुसरा, परिस्थितीने त्याला खाली दाबलंय असं धरून ती परिस्थिती मोडायची. तुम्ही दुसरं करा, असा त्यांचा आग्रह होता. विहिरी, शाळा, गावातली हक्काची वहिवाट यासाठी लढा उभारा. आणि संधीची समता आणा. इथे त्यांनी गिरणीचं नाव घेतलं, साचाखात्याची बंदी मांडली, आणि लिहिलं की हिंदूंच्या मालकीच्या कंपन्या, पेढ्या आपल्या कचेऱ्यांत दलितांना नोकऱ्या देऊन पुष्कळ काही करू शकतात.

1932 साली. कंपनीला. दान मागितलं नाही, खुर्ची मागितली.

त्या पत्राला पोचसुद्धा आली नाही. बाबासाहेब मंडळातून बाहेर पडले. संघाने शिष्यवृत्त्या दिल्या, वसतिगृहं काढली, विहिरी खोदल्या, आणि बहुतेक स्वतंत्र विहिरी. आपल्या माणसांनी विचारलं, मंडळावर आम्हाला का घेत नाही? उत्तर असं की हे सवर्णांचं प्रायश्चित्त आहे, पैसा त्यांचा, तेव्हा कारभारही त्यांचाच. देणाऱ्याचं पाप, देणाऱ्याचं पुण्य, आपण नुसते मधले. गांधीजींचं विश्वस्ततत्त्व याच जातीचं. श्रीमंताने संपत्ती आपली न मानता समाजाची ठेव म्हणून सांभाळावी. पण ठेव ठेवली कुणी? ठेवीदाराला पासबुक कोण देणार?

के. आर. नारायणन यांची गोष्ट या विषयात मला फार महत्त्वाची वाटते. केरळातल्या दलित झोपडीतला पोरगा, टाटांच्या शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला गेला. 1997 साली राष्ट्रपती झाला. दान वाया जातं असं म्हणणाऱ्याने हे नाव आठवावं. पण त्याच नारायणननी जानेवारी 2002 मध्ये, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्रीच्या भाषणात, भोपाळच्या दलित परिषदेच्या जाहीरनाम्याचा उल्लेख केला आणि खाजगी धंद्याने आपल्या लोकांना वाटा देण्याचा विषय काढला. ज्याला शिष्यवृत्ती मिळाली त्याला कळलं होतं की एकाला बोट धरून वर घेणं वेगळं आणि दार उघडणं वेगळं. 2006 साली सरकारने खाजगी क्षेत्रातल्या राखीव जागांचा विषय काढला तेव्हा उद्योगपतींच्या संघटनांनी कमिटी बसवली आणि म्हणाल्या, सक्ती नको, आम्ही आपखुशीने करू. प्रशिक्षण देऊ, शिकवण्या देऊ. पुन्हा वाचनालय, पुन्हा व्यायामशाळा.

2007 साली सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी एक प्रयोग छापला. वर्तमानपत्रातल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, अनुभव सारखा, फक्त आडनाव वेगळं. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या दोन तृतीयांश निघाली. 2012 साली आणखी एक पाहणी आली, देशातल्या हजार मोठ्या कंपन्यांच्या 2010 सालच्या संचालकांची. नऊ हजारांवर संचालक, त्यातले जवळजवळ 93 टक्के उच्च जातींचे. अनुसूचित जाती-जमाती मिळून साडेतीन टक्के. म्हणजे दान कुणाला, किती, कुठे हे ठरवणाऱ्या टेबलाभोवती कोण बसतं ते कळलं.

मग 2013 चा कंपनी कायदा आला, कलम 135. मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चायचे. 1 एप्रिल 2014 पासून लागू. दान आता कायद्यात बसलं. शाळा, आरोग्य, स्वच्छता, मागास घटकांची विषमता कमी करणं, सगळं यादीत आहे. पण नियम वाचताना एका ठिकाणी मी थांबलो. जे काम फक्त स्वतःच्या कामगारांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या भल्याचं, ते यात धरत नाहीत. कंपनीच्या नेहमीच्या धंद्यातला खर्चही धरत नाहीत. कारण समजतं, नाहीतर मालक पगारच सी.एस.आर. म्हणून दाखवेल. पण परिणाम काय झाला? कंत्राटदाराकडून कंपनीचा संडास साफ करणारी आपली बाई एका वहीत, तिच्या पोराचं दप्तर दुसऱ्या वहीत. पहिली वही कुणी उघडत नाही. दुसरीचे फोटो निघतात. खाती वेगळी!

1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या. आजा त्याआधीच गेला, त्रासनखात्यातूनच निवृत्त होऊन. त्याच्या गिरणीच्या जागेवर आता काचेची इमारत आहे. तिच्यातल्या एका कंपनीचं वाचनालय आमच्या शेजारच्या वस्तीत चालतं. पुस्तकं चांगली आहेत, मीही आणतो.

आता त्या पोराचं सांगतो. दप्तरवाटपानंतर आम्ही पाच-सहाजण बसलो आणि कंपनीला अर्ज लिहिला. कंपनीच्या वार्षिक अहवालात दोन टक्क्यांचा हिशेब छापलेला असतो, कुणालाही बघायला मिळतो, त्यातले आकडे उतरवून घेतले. मग तीन प्रश्न विचारले. तुमच्या कायम नोकरांत अनुसूचित जातीचे किती, आणि कोणत्या पदांवर? कंत्राटी सफाईवाले किती, आणि त्यांना किमान वेतन मिळतं काय? वस्तीवर पैसा खर्च करायचं ठरवणाऱ्या कमिटीत वस्तीतलं कोण आहे? हाताने लिहिलेला अर्ज, खाली बावीस सह्या, दोन अंगठे. हपिसात नेऊन दिला, आवकचा शिक्का मारून घेतला. उत्तर अजून आलेलं नाही. अर्जाची नक्कल माझ्याजवळ आहे. ज्याला आपल्या भागात असाच टाकायचा असेल त्याने येऊन उतरवून घ्यावी, येताना आपल्या भागातल्या कंपन्यांची नावं लिहून आणावीत.